दुसऱ्या पसंतीचा दौरा

वर्धा जिल्ह्यात जाऊन आलो म्हटलं की आमच्या चिपळुणात सगळे एकच विचारतात, "मग आश्रम पाहिलात का?" नाही पाहिला. दहा-बारा दिवस तिकडे होतो आणि पाहिल्या त्या शाळा. त्यातही वर्ग नव्हेत, शिक्षकांच्या खोल्या. प्रत्येक खोलीत एक माठ, एक बंद पडलेलं घड्याळ आणि भिंतीवर जगाचा नकाशा. मी भूगोलाचा मास्तर, त्यामुळे नकाशा आधी पाहतो. कोकण असो की वऱ्हाड, नकाशा एकाच जागी फाटलेला असतो. मास्तरची छडी जिथे रोज टेकते तिथे, म्हणजे भारतावर.

मी तिकडे गेलो तो वामन नगराळेसाठी. आम्ही दोघं एकदा पुण्याच्या शिबिरात महिनाभर एका खोलीत होतो. तो आर्वीच्या शाळेत इतिहास शिकवतो. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, बोलायला गोड आणि वागायला इतका नम्र की कधीकधी राग यावा. शिबिरात नळावर रांग असली की हा मागच्याला पुढे घालायचा आणि मग आमच्या दोघांचीही आंघोळ राहायची. असा माणूस निवडणुकीला उभा राहिला, तेही विधान परिषदेच्या, शिक्षक मतदारसंघातून, हे कळल्यावर मी साचलेली रजा काढली. मदत करायला गेलो असं लोकांना सांगितलं. खरं म्हणजे हा मतं मागतो कसा, ते मला पाहायचं होतं.

आर्वी

पुलगावहून आर्वीला छोट्या रुळांची गाडी जाते. ती इतक्या सावकाश जाते की एक गृहस्थ मध्येच उतरले, शेताच्या बांधावर कोणाशी तरी दोन शब्द बोलले आणि पुन्हा चढले. कोणालाही त्याचं नवल वाटलं नाही. माघाची अखेर होती. दोन्हीकडे काळी जमीन, वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या आणि लांबवर एखादं कडुनिंबाचं झाड. आमच्याकडे नजर टाकली की ती डोंगराला आपटून परत येते. इथे ती जाते ती जातेच.

आर्वीत उतरलो तर रस्ताभर कापसाच्या गाड्यांची रांग. वामन घ्यायला आला होता. त्याचं घर बौद्धांच्या वस्तीत, दोन खोल्यांचं, पुढे तुळशीएवढ्या जागेत मोगरा. त्याची बायको शांताबाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. आल्या आल्या तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझी पिशवी आत ठेवता ठेवता म्हणाली, "बरं झालं भाऊजी, आले तं. याइले मत मागता येत नाई. तुमी तरी मागा."

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा. माझ्या भातखाऊ पोटाने दोन भाकऱ्यांनंतर हात टेकले. शांताबाई तिसरी वाढत म्हणाली, "खा ना बाप्पा, लाजता काऊन?" जेवताना तिने स्वतःची हकीकत सांगितली, आणि ती ऐकताना मला ठेच्यापेक्षा जास्त तिखट लागली.

ती नऊ वर्षं त्या शाळेत आहे आणि नऊ वर्षं हंगामी आहे. एप्रिल आला की सेवा समाप्त. जून आला की नवा हुकूम. म्हणजे कायम करायला नको आणि उन्हाळ्याचा पगारही नको. "दरसाल एप्रिलमंदी माही पुण्यतिथी राह्यते अन् जूनमंदी बारसं," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. जिल्ह्यात अशी कितीतरी माणसं होती. या एप्रिल-जूनच्या रीतीविरुद्ध सभागृहात उभं राहून बोलायचं, एवढ्यासाठी वामनने अर्ज भरला होता. पण तिच्या संस्थेच्या अध्यक्षांनीही आपला उमेदवार उभा केला होता. त्यांनी शाळेच्या फाटकात तिला थांबवून सांगितलं होतं, "तुमच्या मिस्टरले समजवा, बाई." वामनने माघार घेतली नाही. आता तो निवडून आला तर ठीक. पडला तर शांताबाईचं यंदाचं बारसं होणार नाही, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

एकूण चार उमेदवार. अध्यक्षांचे एक, चंद्रपूरकडचे एक प्राध्यापक, इंगोले सर आणि वामन. इंगोले सर म्हणजे आर्वीतले नुकते निवृत्त झालेले मुख्याध्यापक आणि वामनचे गुरू. मॅट्रिकच्या वर्षी त्यांनी वामनला आपल्या घरी अभ्यासाला ठेवून घेतलं होतं. गावातल्या लोकांनी नाकं मुरडली तर सरांनी त्यांना दारातून परत पाठवलं. संध्याकाळी सर स्वतःच आले. उंच, पांढरी टोपी, आवाज पाचवीच्या वर्गाला पुरेल असा.

"वामनराव, माही माणसं मले पहिलं मत देतीन अन् तुले दुसरं. मी सांगतलं सगळ्याइले," ते म्हणाले. "माह्या मागं तूच."

या निवडणुकीत एकच शिक्का मारायचा नसतो. जितके उमेदवार तितक्या पसंती, नावापुढे आकड्याने एक, दोन, तीन लिहायचं. कोणालाच निम्म्याच्या वर पहिली मतं मिळाली नाहीत तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या कागदांवरचं दुसरं मत ज्याला असेल त्याच्या गठ्ठ्यात ते कागद जातात. वामनने यावरून आपला दौरा आखला होता. तो प्रत्येकाकडे फक्त दुसरं मत मागणार होता.

"पहिलं का नाही?" मी विचारलं.

"पहिलं मत माणसानं आपल्या माणसासाठी ठेवलं राह्यते," तो म्हणाला. "ते मागून त्याले अडचणीत कायले टाका? दुसरं मोकळं राह्यते. ते कोणी नाई म्हणत नाई."

शांताबाई आतून भांडी आपटत होती. ती भांडी एरवीही तशीच वाजतात की काय, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

रोहणा

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहण्याला. एस.टी.ने गेलो आणि शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना चालू होती. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसलो. वामनने हात जोडून सांगितलं, "पहिलं तुमाले ज्याले द्याचं त्याले द्या. दुसरं फक्त मले द्या." खोलीतले सगळे खूश. एकाने तर त्याचा हात धरला आणि म्हणाला, "हे बरं सांगतलं सर, नाई तं आमाले सगळ्याइले तोंड चुकवत फिरा लागते." जो तो हो म्हणत होता आणि खऱ्या मनाने म्हणत होता. खोटं बोलायची गरजच राहिली नव्हती.

तिथे कुंदाताई नावाच्या गणिताच्या बाई होत्या. वह्यांचा गठ्ठा तपासत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "नगराळे सर, मागाचंच तं पहिलं मागा. पंगतीत बसून कोणी म्हणते का, आधी दुसऱ्याले वाढा, उरलं तं मले द्या?"

"उरते ना ताई," वामन म्हणाला.

"पंगतीत उरते. अन् पहिली पंगत उठाच्या आधीच तुमाले उठवलं तं?"

खोलीत हशा झाला. वामनही हसला. कुंदाताई हसल्या नाहीत, त्यांनी पुढची वही उघडली.

दुपारी गावातल्या एका घरी चहाला गेलो. घरमालक त्याच शाळेतले ज्येष्ठ शिक्षक, आदबशीर माणूस. आतून ट्रे आला. त्यात दोन कपबशा आणि एक काचेचा पेला. कोणी काही बोलायच्या आत वामनने पेला उचलला. इतक्या सहज, की जणू त्याला पेल्यातलाच चहा आवडतो. घरमालकांनी ट्रेकडे पाहिलं, मग छताकडे. मी माझा चहा प्यालो. आमच्याकडेही हे आहे, फक्त आमच्याकडे पेला अंगणात ठेवतात. तेव्हा दुसऱ्याच्या जिल्ह्याला नावं ठेवायची सोय मला नव्हती. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "अरे, तो पेला माझ्यासाठीही असेल. मी परगावचा."

"असंन," वामन म्हणाला. "पण कोणाले उचलून द्या लागू नये."

परतीची बस चुकली. एका कापसाच्या गाडीवाल्याने वर बसवून घेतलं. सैल कापसावर बसायचं सुख मी ऐकून होतो. ते सुख पहिली पाच मिनिटं असतं. नंतर माणूस हळूहळू आत जातो आणि नाकात, कानात, पायजम्यात सगळीकडे कापूस जातो. आर्वीच्या चौकात उतरलो तर नेमके इंगोले सर समोर. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "वामनराव, हे भूगोलाचे मास्तर आहेत का पिंजारी?" सगळा चौक हसला. मी पुढचे दोन दिवस अंगावरचा कापूस वेचत होतो.

तळेगाव

तळेगावला वामन मला घेऊन गेला ते गुलाबराव गुरुजींकडे. प्राथमिक शाळेत शिकवतात आणि संत्र्यांची लहानशी बाग राखतात. त्यांनी आम्हाला पाटोडीचा रस्सा आणि भाकरी असं जेवण घातलं. बेसनाच्या वड्या तर्रीदार रश्श्यात. मला घाम फुटला आणि नाक गळायला लागलं, आणि तरी मी मागून घेतला. जेवण झाल्यावर वामनने हात जोडून सुरुवात केली, तसे गुरुजी म्हणाले, "कायले बाप्पा? आमचं तं मतच नाई."

खरंच नव्हतं. शिक्षक मतदारसंघात प्राथमिकचे शिक्षक धरत नाहीत. माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत गेल्या सहा वर्षांतली तीन वर्षं शिकवलेलं हवं. मी वामनकडे पाहिलं. त्याला हे माहीत होतं. "गुरुजीइनं मले बाराखडी शिकवली," तो मला म्हणाला. "याइले न सांगता उभं कसं राहू?" अर्धा दिवस एकही मत नसलेल्या घरी गेला होता. अध्यक्षांचा माणूस एव्हाना जीपमधून तीन तालुके फिरला असेल.

गुरुजींना मात्र सगळं समजून घ्यायचं होतं. "हे वरचं घर म्हणतात ते नेमकं कोणाचं? आमाले आमदार माहीत आहे. हे कुठून आले?"

वामनने परडीतलं एक संत्रं घेतलं, सोललं आणि ताटात फोडी मांडायला लागला. त्या दिवशी मला कळलं की हा वर्गात चांगला शिकवत असणार. "हे विधान परिषदेचं घर. याच्या बारा फोडी समजा. चार फोडी आमदार निवडतात, विधानसभेतले. चार फोडी जिल्हा परिषद, नगरपालिका, असे लोकं. दोन राज्यपाल नेमतात, साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा, अशातले. एक फोड पदवीधरांची." तो मांडत गेला. "हे घर कधी मोडत नाई. खालचं बरखास्त होते, हे नाई. दर दोन वर्षांनं तिसरा हिस्सा उठून जाते अन् नवा येते. एकेक माणूस सहा वर्षं बसते. अन् हे राह्यली ते एक फोड शिक्षकांची."

त्याने हात पुढे केला, पण सालीशिवाय तिथे काही नव्हतं.

"अकराच निघाल्या," गुरुजी म्हणाले.

आम्ही तिघंही हसलो. गुरुजी म्हणाले, "राज्यपालाची एक उचल ना, त्याले दोन कायले?" वामनने काही उचललं नाही. त्याने दुसरं संत्रं सोलायला घेतलं. निघताना गुरुजींनी पिशवीभर संत्री दिली आणि वामनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "माहं मत असतं तं पहिलं तुलेच देलं असतं रे." त्या सबंध दौऱ्यात पहिलं मत देऊ करणारा हा एकटाच माणूस, आणि त्याला मत नव्हतं.

मतदान

मधल्या दिवसांत आणखी शाळा झाल्या. सगळीकडे तेच. माठाचं पाणी, चहा, आणि "दुसरं तुमालेच सर, पक्कं." मला हळूहळू हा माणूस निवडून येईल असं वाटायला लागलं होतं. इतकी माणसं खोटं बोलणार नाहीत, आणि ती खोटं बोलत नव्हतीच.

मतदान रविवारी होतं. तहसिलीच्या आवारात कडुनिंबाखाली मी बसून राहिलो, कारण माझं मत कोकणात. शिक्षकांची निवडणूक शिक्षकांसारखीच चालते. सगळे वेळेवर आले, ओळीत उभे राहिले आणि एकमेकांच्या परीक्षेच्या कामाची चौकशी करत राहिले. आत सरकारी पेन देतात, आपलं चालत नाही. खूण करायची नाही, आकडा लिहायचा. एक निवृत्त सर बाहेर येऊन कपाळाला हात लावून म्हणाले, "सवयीनं बरोबरची खूण करून बसलो." त्यांचं मत वाया गेलं. चाळीस वर्षं जो हात बरोबरची खूण करत आला, तो एका दिवसात कसा सुधारणार?

इंगोले सर आणि वामन बरोबरच आले. सर पुढे, वामन मागे. सर आत गेले आणि लगेच बाहेर आले. वामनला जरा वेळ लागला. बाहेर येऊन त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. शेवटी शांताबाई आली. हिरवं लुगडं नेसली होती. बाहेर आल्यावर ती सरळ आमच्याकडे आली आणि नवऱ्याला म्हणाली, "माहं झालं. एक नंबर."

वामन नुसता हसला.

मोजणी

मोजणी नागपूरला. वामनचा मोजणी प्रतिनिधी म्हणून मी गेलो. मोठ्या दालनात लांब टेबलं, दोरीपलीकडे आम्ही. पहिल्या पसंतीचे चार गठ्ठे रचले. अध्यक्षांच्या उमेदवाराचा उंच, पण निम्म्याला पोचलेला नाही. प्राध्यापकांचा बराच खाली. इंगोले सरांचा त्याहून खाली. आणि सर्वांत खाली वामनचा.

अधिकाऱ्याने दोन तळचे गठ्ठे परत मोजले. मग परत. मी दोरीला ओठंगून पाहत होतो. वामन सरांच्या मागे एका मताने होता. एका.

वामन बाद झाला. त्याचे कागद त्यांच्यावरच्या दुसऱ्या मताप्रमाणे इकडेतिकडे वाटले गेले. कारण स्वतःच्या माणसांना त्याने सांगितलंच होतं, दुसरं तुमच्या मनाप्रमाणे. सर तरीही तळाशीच राहिले आणि पुढच्या फेरीत तेही बाद झाले. आता सरांचे कागद उघडायला लागले. कारकून एकेक कागद वर धरत होता आणि मला दिसत होतं. नगराळे, दोन. नगराळे, दोन. नगराळे, दोन. प्रत्येक वेळी कारकून म्हणायचा, "हे बाद झालेले," आणि तिसरं मत ज्याला असेल तिकडे कागद जायचा. मग प्राध्यापक गेले. त्यांच्या गठ्ठ्यातही तेच. रोहण्याची खोली, नंतरच्या सगळ्या शाळा, सगळ्यांनी शब्द पाळला होता. पण वामनला दिलेलं एकही दुसरं मत मोजलं गेलं नाही, कारण मोजायला माणूसच उरला नव्हता. मी आयुष्यात इतके प्रामाणिक कागद एका ठिकाणी पाहिले नाहीत, आणि मला संताप आला. अध्यक्षांचा माणूस निवडून आला.

बाहेर पायरीवर इंगोले सर टोपी हातात घेऊन बसले होते. स्वतःच्या हरण्याचं त्यांना विशेष काही नव्हतं. "एका मतानं गेलास रे," ते वामनला म्हणाले. "मी आधी गेलो असतो तं माहा सारा गठ्ठा तुह्यावर आला असता. मंग प्राध्यापक गेला असता, त्याचाही आला असता." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "तुहं अन् शांताचं धरूनच एक कमी पडलं ना?"

वामन चष्मा पुसायला लागला.

"काऊन रे?"

"शांताचं मले आहे," वामन म्हणाला. "माहं तुमाले."

सरांना कळायला वेळ लागला. मलाही. मग मी मनातल्या मनात हिशेब मांडला आणि पायरीवर बसून घेतलं. त्याचं एक मत सरांकडून त्याच्याकडे आलं असतं तर तळाला सर गेले असते आणि वामन वाचला असता.

"तू स्वतःले एक नाई देल्लं?"

"तुमी उभे असून आपल्या नावापुढं एक कसं लिहू सर? दोन लिहिलं."

"गाढवा!" सर ओरडले. पायऱ्यांवरची माणसं वळून पाहायला लागली. "मी मले देल्लं! कोणाले देऊ मंग? अरे, परीक्षेत आपला पेपर लिहून कोणी त्यावर दुसऱ्याचा नंबर टाकते का? हे शिकवलं का मी तुले?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. "मी तुले घरात घेतलं ते माह्या मागं उभं राह्याले नाई रे."

वामनने खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. सरांनी पाय मागे घेतले.

परत आर्वी

घरी पोचलो तेव्हा शांताबाईला हरल्याचं कळलं होतं. एका मताचं कळलं नव्हतं. ते वामनने स्वतः सांगितलं, उंबऱ्यातच, चप्पल न काढता. ती चुलीपुढून उठली.

"म्हणजे मी तुमाले देल्लं अन् तुमी त्याइले देल्लं?"

"सर आहेत ते, शांता."

"अन् मी कोण आहो?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला बाहेर जावंसं वाटलं. "पेला दिसला की उचलता. रांग दिसली की मागं सरता. कोणी म्हणाच्या आधीच तुमी मागं. तुमाले मागं लोटाची कोणाले मेहनतच नाई पडत. तुमचा नम्रपणा तुमच्यापाशी राहू द्या जी, त्याच्यावर माही नोकरी काऊन वाहून देल्ली?"

वामनने आता चप्पल काढली. जेवण तसंच झाकून राहिलं आणि गुलाबराव गुरुजींची संत्री कोणी सोलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा चपराशी आला. आत येईना. अंगणातूनच म्हणाला, "बाई, अध्यक्ष साहेब म्हणते का जूनमंदी येऊ नका. दुसऱ्या बाई पाह्यल्या म्हणते." निरोप सांगून तो तिथेच घुटमळत राहिला. शांताबाईने त्याला चहा पाजला, कपात, आणि वाटेला लावलं. मग ती मोगऱ्याला पाणी घालत बराच वेळ उभी होती. आळं भरून पाणी रस्त्यावर वाहायला लागलं तरी घालत होती.

दुपारी मला निघायचं होतं. दोघंही पोचवायला स्टँडवर आले. वामनच्या हातात माझी पिशवी. स्टँडवर रोहण्याच्या गाडीपाशी कुंदाताई उभ्या होत्या, हातात वह्यांचा गठ्ठा. त्यांनी आम्हाला पाहिलं, पण निकालाचं एक अक्षर काढलं नाही. शांताबाई सरळ त्यांच्याकडे गेली.

"ताई, सहा वर्षांनं शिक्षक मतदारसंघातून मी उभी राहून राह्यली."

कुंदाताईंनी गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुमी? पण नोकरी गेली म्हणते तुमची. तीन वर्षं शिकवलं नाई तं यादीतून नावही जाईन. तुमचं मतच नाई राहणार."

"मत देता नाई येणार," शांताबाई म्हणाली. "पण मागता येते. उभं राह्याले शिक्षकांच्या यादीत नाव लागत नाई, विधानसभेच्या यादीत असलं का झालं. मी रात्री याइच्या नियमाच्या पुस्तकात पाह्यलं. तं पहिलं मत मले द्या. पहिलं."

"देल्लं," कुंदाताई म्हणाल्या. एवढंच. आणि गाडीत चढल्या.

शांताबाई मागे वळली. वामन माझी पिशवी छातीशी धरून उभा होता. माझी गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता, पण मी चढलो नाही.

"अन् तुमचं?" तिने विचारलं.

"तुलेच ना," वामन म्हणाला.

"कितवं?"

वामनने सवयीने इकडेतिकडे पाहिलं, आपल्या पुढे घालायला कोणी आहे का म्हणून. कोणी नव्हतं.

"पहिलं," तो म्हणाला, आणि इतक्या मोठ्याने म्हणाला की कंडक्टर ओरडायचा थांबला.